अंधारात बोलायचं कसं

१२ जानेवारी

आत्या,

पत्राच्या वर जे काय लिहायचं असतं ते सगळं लिहिलंय असं समज. मोबाइलवर तू मला उत्तर देत नाहीस, कारण तुझं म्हणणं, मेसेजमध्ये मी तीन शब्द टाकून पसार होतो आणि पत्रात सापडतो. तर घे, सापडलो.

गोदामातली नोकरी सुटली. म्हणजे मीच सोडली. म्हणजे थोडी त्यांनीही सोडवली. मग एका खुर्च्या शिवणाऱ्याबरोबर हिंडत हिंडत मी इथल्या तारांगणात आलो. जुन्या खुर्च्यांना नवी कापडं चढवायची होती. खुर्च्या अशा मागे रेलतात की न्हाव्याने बघितल्या तर दुकान बंद करून इथेच निजेल. काम संपलं, खुर्च्यावाला गेला, मी राहिलो. तिकिटं फाडतो, गालिचा झाडतो आणि प्रोजेक्टरकाकांच्या हाताखाली काम करतो. काका मशीनला ‘ही’ म्हणतात. ‘ही आज जरा तापलीय.’ घरी काकूंना काय म्हणतात ते विचारायची अजून हिंमत झालेली नाही.

तुला माहितेय, वरचा घुमट भिंतीचा नसतोच. पत्र्याचा असतो आणि त्याला लाखो बारीक भोकं असतात, चाळणीसारखी. आवाज त्यांच्यामागून येतो. मी पहिला अख्खा दिवस नुसती भोकंच बघत होतो.

हं, मुद्दा. इथल्या मुख्य मॅडमना (एक चष्मा नाकावर, एक डोक्यावर, तिसरा शोधत असतात) वरून फर्मान आलंय की आकाशाचा खेळ सगळ्यांना कळेल असा करा. त्यांनी चहाच्या वेळी विचारलं, ‘इथे कोणाला सांकेतिक भाषा येते?’ आणि माझा हात वर गेला. माझा हात तुला माहीतच आहे, आधी वर जातो, मग मला कळतं. लहानपणापासून तुझ्याशी हातांनीच तर बोलतोय मी.

तेव्हा तुझ्या बहिऱ्यांच्या शाळेतली पोरं घेऊन ये. मार्चचा शेवटचा शनिवार. मी वर उभा राहून खुणांनी सांगेन. मजा येईल.

तुझा,
भिंगरी


२० जानेवारी

भिंगरी,

नाही. आणणार नाही.

कारण सांगते, जरी कारण दिलं तरी तू ऐकत नाहीस. त्या तारांगणात मी दोनदा पोरं घेऊन गेले आहे. दारात एका बाईंनी छापील कागद हातात दिला. खेळात जे बोलतात ते सगळं त्यावर होतं. आम्ही आत जाऊन बसलो आणि त्यांनी दिवे घालवले. आता कागद वाचायचा कसा? आणि मी हात हलवायचे ते कोणासमोर? ऐकणाऱ्यांना वाटतं अंधार म्हणजे नुसता अंधार. आमच्यासाठी ते बोलणाऱ्याच्या तोंडावर हात ठेवणं आहे. वर ठिपके फिरत होते. मध्येच सगळ्यांच्या माना एकीकडे वळायच्या, मग आमच्या वळायच्या, तोवर तिथलं काय ते होऊन गेलेलं असायचं. शाळेत आल्यावर मी फळ्यावर लिहिलं, ‘काय पाहिलंत?’ सगळ्यांनी एकच खूण केली, अंधार. एकाने आइस्क्रीमची केली. तो प्रामाणिक.

माझ्या वर्गात यंदा एक मुलगी आहे. आमच्यात प्रत्येकाला एक खूण-नाव असतं, तसं तिचं नाव ‘का’. मागच्या आठवड्यात तिने विचारलं, दिवसा चंद्र दिसतो तेव्हा तो चुकून मागे राहिलेला असतो का. असं पोर वर्गात असलं की शाळेला जायला बरं वाटतं. तिला मी तासभर काळोखात बसवून आणलं, तर ती एवढंच शिकेल की हे आपल्यासाठी नाही. मग ती विचारायचं सोडेल. मी अशी विचारायची सोडलेली पोरं पाहिली आहेत. ती फार शहाण्यासारखी वागतात.

आणि तुला सांकेतिक भाषा येते हे तुला कोणी सांगितलं? तुला येतात त्या आपल्या घरच्या खुणा. तुझ्या बापाने आणि मी स्वयंपाकघरात बनवलेल्या. त्या जगात पाच जणांना कळायच्या, त्यातलं एक मांजर होतं. खरी भाषा मी नंतर शाळेत शिकले, तू नाहीस.

जेवतोस ना वेळेवर?

आत्या


४ फेब्रुवारी

आत्या,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि मग एकदा प्रोजेक्टरकाकांना वाचून दाखवलं. काका म्हणाले, ‘बाई बरोबर बोलतायत.’ काका सहसा मशीनशिवाय कोणाला बरोबर म्हणत नाहीत.

पण मी त्यावर तोड काढली. ऐक. पांढरे हातमोजे घेतले, त्यांना अंधारात चमकणारा रंग दिला. दिवे घालवले की माझे हात हिरवे हिरवे पेटून उठतात. आता बोला की म्हणावं अंधारात. रंग वाळायला ते खिडकीत टांगले होते, तर घरमालकीणबाई भलत्याच वेळी आल्या. त्यांना आता माझ्या खोलीत भूत आहे असं वाटतं. भाडं मागायलाही दारातूनच येतात, ते एक बरं झालं.

माझ्या खोलीच्या खाली चष्म्याचं दुकान आहे, तिथे भिंगं घासणारा एक जण बहिरा आहे. नाव विचारलं तर त्याने भुवईवर बोट फिरवलं, म्हणून तो माझा भुवई. त्याला तारांगणात बसवलं, दिवे घालवले आणि मोजे घालून अख्खं ग्रहमंडळ सांगितलं. दिवे लावले तर भुवई खुर्चीतून खाली, पोट धरून हसतोय. पाटीवर त्याने लिहून दिलं, ‘दोन बदकं भांडत होती. कोण जिंकलं?’

मग उजेडात सांगून बघितलं. ‘तारे’ म्हणून आपली खूण केली, चिमटीने साखर भुरभुरवायची ती. तो म्हणाला, कशावर मीठ घालतोयस? तेव्हा तुझं म्हणणं पटलं. थोडं.

मॅडमना बदकांचं सांगावं लागलं, कारण त्यांनी हसणं ऐकलं होतं. त्या म्हणाल्या, ‘मार्चच्या शनिवारी एक प्रयोग. जमला तर दर महिन्याला असा खेळ ठेवू. नाही जमला तर छापील कागद आहेच.’ कागद म्हणताना त्यांनी टेबलावरच्या गठ्ठ्यावर असा हात ठेवला की मला त्या गठ्ठ्याचाच राग आला.

चेहरा दिसत नाही, एवढंच ना चुकतंय? तू सांग.

भिंगरी


११ फेब्रुवारी

भिंगरी,

तुझं पत्र शिक्षकांच्या खोलीत वाचत होते. बदकांपाशी आले आणि चहा नाकातून आला. मुख्याध्यापक धावत आले, त्यांना वाटलं वाईट बातमी.

हो, चेहरा. नुसत्या हातांनी बोलणं म्हणजे सगळं एकाच सुरात बोलणं, असं तुम्ही ऐकणारे म्हणाल. भुवया वर गेल्या तर प्रश्न, आत ओढल्या तर ‘कुठे’, ‘कधी’. गाल फुगवले तर मोठं, ओठ चिमटले तर बारीक. चेहरा काढून घेतलास तर गुरू आणि मोहरी सारखीच.

चेहऱ्यावर छोटा दिवा टाकून बघ. मी येईन असं मी म्हणत नाहीये. बघ म्हणतेय.

पोरांना मी तुझ्याबद्दल सांगितलं. तुझं खूण-नावही दिलं, बोट हवेत गरगर फिरवायचं. त्यांनी तुला प्रश्न पाठवलेत. बाकीच्यांची उत्तरं तू झोपेतही देशील, पण ‘का’चा प्रश्न असा: ‘तारांगणात लोक इतका वेळ गप्प बसतात आणि वर बघतात. म्हणजे त्यांना ताऱ्यांचा आवाज येत असणार. तो कसा असतो? सूर्याचा मोठा असतो का?’

मी उत्तर देणार होते, मग म्हटलं नको. तुझ्याकडून येऊ दे.

आत्या


२६ फेब्रुवारी

आत्या,

दिवा टाकून बघितला. लिंबाएवढा दिवा, पण त्याने अर्धी आकाशगंगा गिळली. काका म्हणाले, ‘हिला उजेडाचा त्रास होतो,’ आणि घाम पुसला. शिवाय भुवईने आणखी एक खोट काढली. म्हणाला, ‘तू म्हणतोस वर बघा. मी वर बघितलं की तू पुढचं बोलून मोकळा. मी तुझ्याकडे बघितलं की वरचं जातं. मला डोळे दोनच आहेत आणि दोन्ही एकाच दिशेला लावलेत.’ ऐकणाऱ्यांचं बरं असतं, डोळे वर आणि कान खाली.

चार दिवस मी नुसता चिडलेला होतो. म्हटलं सोडावं आणि पुढच्या गावाला जावं. पिशवीसुद्धा काढली. तिच्यात तुझी पत्रं टाकायला घेतली, तर ‘का’चा प्रश्न वर आला, आणि त्याचं उत्तर दिलेलं नव्हतं. म्हटलं उत्तर देऊन जाऊ.

तर तिला सांग: आवाज नसतो. मी काकांना विचारलं, काकांनी मॅडमना, मॅडमनी तर पुस्तकच काढलं. आवाजाला जायला हवा लागते, आणि ताऱ्यांच्या मध्ये हवा नाही. सूर्यावर केवढीही उलथापालथ होवो, इथवर चूं पोचत नाही. लोक गप्प बसून ऐकतात ते मॅडमचं बोलणं, आधी भरून ठेवलेलं, आणि मागे बासरी. बासरी मॅडमनीच निवडलीय. आकाशाचा तिच्याशी काही संबंध नाही.

हे लिहिताना डोक्यात आलं, दोन्ही एकाच वेळी कशाला? आधी उजेडात सगळं सांगायचं, काय दिसेल, कुठून उगवेल, कुठे बघायचं. मग दिवे घालवायचे आणि कोणीच काही बोलायचं नाही. नुसतं आकाश. मग पुन्हा दिवे, पुढचं सांगणं. पण अंधारात पोरं वर बघत रेलली की त्यांना परत कसं बोलवायचं? तर तू आम्हाला स्वयंपाकघरातून बोलवायचीस तसं. पाय आपटून. इथली जमीन लाकडी आहे, आत्या, आणि आतून पोकळ. भुवईला शेवटच्या रांगेत बसवून मी पुढून एक हाणला, तो ताडकन उठून बसला. काका मात्र म्हणाले, हिच्या भिंगावर धूळ बसते. आता ते पाय आपटला की मशीनवर छत्री धरतात.

आता सांगायला कोण? मी नव्हे. ‘तारे’ म्हणून मीठ टाकेन मी. बाहेरचा दुभाष्या आणला तर त्याला मशीन कुठे थांबते ते ठाऊक नसणार आणि पोरं ओळखीची नसणार. तू उभी राहा ना. तू सांग, मी दिवे घालवतो.

आणि एक. तू येणार आहेस असं मी मॅडमना सांगूनही टाकलं होतं, तुला पहिलं पत्र लिहायच्या आदल्या दिवशीच. आता रागाव.

भिंगरी


५ मार्च

भिंगरी,

रागावले. झालं.

तुझं उत्तर मी वर्गात सांगितलं. तारे गप्प असतात, तिथे कोणालाच काही ऐकू येत नाही. मग ‘का’ने हात उचलले: ‘म्हणजे वर सगळेच बहिरे?’ त्यानंतर तास झालाच नाही. कोणी अंतराळवीर होऊन एकमेकांना हाका मारत होतं आणि ऐकू न आल्याचं सोंग करत होतं. कोणी म्हणालं, मग तिथे आपलीच शाळा काढायची, ऐकणाऱ्यांना आपण शिकवू.

येते. पोरांना घेऊन येते. माझ्या अटी:

खेळातलं सगळं बोलणं मला आधी पाठव. जे उजेडात सांगता येणार नाही ते काढून टाकेन, आणि तुझ्या मॅडम हुरळून बरंच काही बोलतात असा माझा अंदाज आहे. कोणी पोरांकडे बघून मान तिरपी करून ‘अरेरे’ असं करायचं नाही. ते ऐकू येत नसलं तरी दिसतं. खेळाच्या पत्रिकेवर ‘कर्णबधिर’ लिहा, आपसांत आम्ही बहिरेच. आणि पाय एकदाच आपटायचा. दोनदा आपटलास तर पोरं उत्तर देतात, तो आमचा रोज सकाळचा खेळ आहे.

एका गोष्टीवर अडलो होतो. ताऱ्याचा उजेड आपल्यापर्यंत पोचायला वर्षं लागतात, तेव्हा आपण बघतो तो तारा जुना, हे सांगायला आमच्याकडे सोपी खूण नव्हती. शेवटी मी म्हटलं, तारा म्हणजे भिंगरीचं पत्र. हातात येतं तेव्हा तो तिथे असेलच असं नाही. लगेच कळलं सगळ्यांना. आता ‘जुना उजेड’ म्हणजे हवेत गरगर फिरणारं बोट आणि मग पत्र उघडायचं. तू आता खगोलशास्त्रात आहेस.

‘का’ला मी सांगितलं नाही की ही एकच संधी आहे. मला ठाऊक आहे तेवढं पुरे.

आत्या


३१ मार्च

आत्या,

तू समोर होतीस, तेव्हा खेळ कसा झाला ते तुला काय सांगू. पण तू माझ्याकडे पाठ करून उभी होतीस आणि नंतर बस निघाली, तेवढं माझ्या बाजूचं सांगतो.

आधी मॅडमच्या स्वागताचं. ते मीच शिकवलं होतं. मॅडमनी आठवडाभर आरशासमोर सराव केला. तू उगाच दाराकडे बघायला लागलीस तेव्हा मला आठवलं, ती आपल्या घरची खूण आहे आणि तिचा अर्थ ‘पाहुणे आले, चहात पाणी वाढव’. पोरांना काहीच कळलं नाही, हे नशीब. मॅडमना अजून सांगितलेलं नाही. त्यांना ती फार आवडलीय.

पहिले दोन अंधार छान गेले. काका म्हणाले, ‘हिला आज शांत वाटतंय.’ बासरी नाही, बोलणं नाही, नुसती खुर्च्यांची करकर. तिसऱ्या अंधारात मला वाटलं पोरांना परत बोलवायची वेळ झाली, मी पाय आपटायला उचलला आणि वायरीत अडकलो. एक पाय वायरीतून सुटताना पडला, दुसरा तोल सावरताना. दोनदा. पुढचं तुला पायांतून कळलंच असेल. पोरांनी पाय आपटून उत्तर दिलं, अख्खी जमीन उठली. काकांनी छत्री उघडली. मॅडमना वाटलं पोरं घाबरली, चेंगराचेंगरी होणार, म्हणून त्यांनी भिंतीवरची सगळी बटणं एकदम दाबली. भक्क उजेड. शनी अर्धा उगवला होता, तो गेला.

मी तिथेच खाली बसलो. म्हटलं संपलं. आता तो कागदांचा गठ्ठा.

मॅडमनी भिंतीपासूनच मला विचारलं, हात अजून बटणांवरच. ‘काय म्हणतायत ही मुलं?’ मी बघितलं तर सगळी पोरं खुर्च्यांवर उभी, आणि सगळ्यांचा एक हात डोक्यावर, पाचही बोटं पसरलेली, आणि बोटं मिटतायत. उघडतायत, मिटतायत. ही खूण मला ठाऊक होती, घरचीच आहे, पण खरीही तीच आहे असं दिसतंय. सगळ्यांत पुढे ‘का’, दोन्ही हातांनी.

मी म्हटलं, ‘मॅडम, दिवे घालवा म्हणतायत.’

‘अंधार मागतायत?’

‘अंधार नाही मागत. शनी मागतायत.’

मॅडमनी बटणं बंद केली. पुढचा वेळ त्या तिथेच भिंतीला टेकून उभ्या होत्या. दोन्ही चष्मे डोक्यावर, म्हणजे त्यांना काय दिसलं देव जाणे.

बस गेल्यावर त्या एका खुर्चीत रेलल्या. म्हणाल्या, ‘इतकी वर्षं या घुमटाखाली मी माझाच आवाज ऐकतेय. आज पहिल्यांदा वर बघितलं.’ मग काकांना म्हणाल्या, एप्रिलपासून दर महिन्याचा दुसरा शनिवार, असाच. मला म्हणाल्या, सांगायला आत्याबाई येतील का विचार, आणि भुवईला शिकवता येईल का तेही विचार. भुवईला मी सांगितलं. तो म्हणाला, जरूर, फक्त मोजे घालणार नाही.

ऐकणारे लोकही विचारायला लागलेत, त्या खेळाला आम्ही बसलो तर चालेल का. मॅडम म्हणाल्या, चालेल, पण गप्प बसावं लागेल.

मी दुसरी बादली विकत घेतली. एका माणसाला एका गावात दोन बादल्या लागत नाहीत असं माझं आजवर मत होतं.

पोरं काय म्हणाली? एवढंच लिही. ‘का’ काय म्हणाली?

भिंगरी


४ एप्रिल

भिंगरी,

येईन. दुसऱ्या शनिवारी येईन. भुवईंना सांग, आधी भेटू.

तू विचारलंस ते सांगते. बसमध्ये बसलो, दिवस मावळला होता, आणि ड्रायव्हरने नेहमीप्रमाणे आतला दिवा घालवला. लगेच आतून सगळ्यांनी खिडक्या बडवल्या. त्याने लावला. पुढे गेल्यावर पुन्हा घालवला, आणि हातवारे करून दाखवलं, आतल्या उजेडाने समोरच्या काचेत सगळ्यांचे हातच दिसतात, रस्ता दिसत नाही. मी मधे पडले. दिवा घालवला तर पोरांचं बोलणं अर्ध्यात तुटतं, आणि आत्ता ते तुटू द्यायचं नव्हतं. शेवटी त्यानेच एका दुकानासमोर, दिव्याच्या खांबाखाली बस उभी केली आणि हातानेच सांगितलं: बोलून घ्या, मग निघू.

बोलून घ्या म्हणणं सोपं आहे. पोरं आसनांवर उलटी बसली. शनीचं कडं पडत कसं नाही. चंद्र कोणाच्या मालकीचा. एकाला आइस्क्रीमबद्दल विचारलं तर त्याने मला हाताने गप्प केलं. ‘का’ माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि तिने ‘जुना उजेड’ केलं, तुझं गरगर बोट आणि उघडलेलं पत्र. मग विचारलं: आपण त्यांचा जुना उजेड बघतो, तर तिथून कोणी आत्ता आपल्याकडे बघत असेल, त्यांना आपली शाळा दिसेल का? की शाळा अजून बांधलेलीच नसेल? आणि मी जन्मलेलीच नसेन? मग मी त्यांना कधी दिसणार?

मी म्हटलं, तू म्हणतेस तसंच असणार, पण नक्की मला माहीत नाही. ती इतकी खूश झाली की लगेच दुसरा विचारला. तोही मला आला नाही. तिसऱ्यावर मी तिला तुझा पत्ता दिला. तयारी ठेव.

बराच वेळ आम्ही निघालोच नाही. ड्रायव्हर घड्याळ दाखवून थकला, दार उघडून थकला, दुकानात जाऊन चहा पिऊन आला. दुकानातले लोक बाहेर येऊन आमच्याकडे बघायला लागले तेव्हा मी वळून पाहिलं. ड्रायव्हर हॉर्नवर हात दाबून बसला होता. चांगला जोरात, म्हणे. कोणासाठी वाजवत होता ते त्यालाच ठाऊक.

आत्या